डोंगराने दिलेली भिंत

आपल्या जनगणनेच्या वर्गीकरणातली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आलेली असते. भिंत पत्र्याची आणि छप्परही पत्र्याचं असेल, तर ते घर 'कायमस्वरूपी' गटात जातं. भिंत माती-बांबूची आणि छप्पर गवताचं असेल, तर ते 'तात्पुरतं' ठरतं. मे महिन्यात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर भर दुपारी या दोन्ही घरांत आळीपाळीने बसून पाहावं. मी बसले आहे. पत्र्याखाली घटकाभरात जीव कासावीस होतो. शेजारच्या कुडाच्या घरात सारवलेल्या जमिनीला पाठ टेकली की डोळा लागतो. तरीही सरकारी कागदावर पहिलं घर वरचं आणि दुसरं खालचं.

कुडाच्या घरांचा नाद मला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. उत्तर सह्याद्रीत जव्हार-मोखाड्यापासून इगतपुरी, अकोल्यापर्यंत वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर जायचं, घर कसं उभं राहिलंय ते बघायचं, जमलं तर मातीत हात घालायचा, हा माझा सुट्टीतला उद्योग. 'पर्यावरणपूरक वास्तुकला' हा विषय आता महाविद्यालयांत शिकवला जातो, त्यावर परिषदा भरतात. चांगलंच आहे. पण तो मला खरा कळला तो या घरांच्या ओट्यांवर बसून.

रीतीप्रमाणे आधी थोरांची नावं घेते. इजिप्तच्या हसन फाथी यांनी लक्झरजवळ न्यू गुर्ना हे मातीचं गाव उभारलं आणि जगाचं लक्ष कच्च्या विटेकडे वळवलं. लॉरी बेकर यांची मुंबईत गांधीजींशी गाठ पडली. आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी ऐकला आणि पुढे केरळात तो आयुष्यभर राबवला. कांगड्याच्या खोऱ्यात दीदी कॉन्ट्रॅक्टर यांनी माती, बांबू आणि पाटीचा दगड यांतून घरं बांधली. भूजमध्ये २००१ च्या भूकंपानंतर 'हुन्नरशाला' उभी राहिली आणि कारागिरांनाच शिक्षक मानून काम करू लागली. आपल्याकडे सेवाग्राम आहे. तिथल्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठावात घडवलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही पाहता येतात. ही सगळी मोठी माणसं. त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी थेट माझ्या कारवीकडे वळते.

कारवी

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारं झुडूप. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. निलगिरीतली नीलकुरिंजी याच कुळातली. ती बारा वर्षांनी फुलते, २००६ नंतर ती २०१८ साली फुलली. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ साली ती फुलली, तेव्हा मुंबईकरांनी तिथे गर्दी केली होती. पावसाळा सरता सरता अख्खा डोंगर जांभळा-निळा होतो आणि मधमाश्यांना उसंत मिळत नाही. महाबळेश्वरकडे कारवीच्या मधाला वेगळा भाव असतो. तो दाट आणि गडद असतो आणि एकदा चाखला की बाजारातला साधा मध पाणचट वाटतो.

फुलून झाल्यावर कारवी उभ्याउभ्याच वाळते. बोंडं झाडावर सुकतात आणि पुढच्या पावसाचे पहिले थेंब पडले की तडतड आवाज करत फुटतात. आतलं बी दूरवर उडतं. भंडारदऱ्याच्या बाजूला एका संध्याकाळी हा आवाज मी ऐकला आहे. वारा नव्हता, माणूस नव्हतं, नुसता उतार तडतडत होता. मेलेल्या कारवीच्या जागी त्याच पावसात कोवळी रोपं उगवतात आणि त्यांची मुळं उताराची माती धरून ठेवतात. एवढ्या पावसात हे डोंगर टिकून राहतात त्यात या झुडपाचा वाटा मोठा आहे. जव्हार-इगतपुरीकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे या मुळांची किंमत कळते.

भिंतीला लागते ती या कारवीची काठी. अंगठ्याएवढी जाड, सरळ, हलकी, माणसाच्या उंचीहून लांब. अकोले तालुक्यात एका म्हाताऱ्या बाबांनी ती माझ्या हातात देऊन बोट फिरवायला सांगितलं. काठीच्या अंगावर बारीक बारीक गाठी लागल्या. बाबा म्हणाले, "गुळगुळीत काठीला माती धरत न्हाई. हिला धरती." एवढ्या एका वाक्यात भिंतीसाठी बांबूच्या कामट्यांऐवजी कारवी का निवडली जाते ते समजलं. तोडायची कधी, तेही त्यांनीच सांगितलं: पाऊस गेल्यावर, काळोख्या पंधरवड्यात. "आधी तोडली तर घरात भुंगा राहंल, माणूस न्हाई." चंद्राच्या कलेचं मी बाजूला ठेवते, पण ऋतूचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. बांबूत आणि काठीत पिष्टाचं प्रमाण ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं आणि पोखरणारा भुंगा त्या पिष्टावरच जगतो. तोडणीची वेळ साधली की औषध न मारताही लाकूड जास्त टिकतं.

कूड घालायचा तो असा

आधी जोतं. दगड आणि मुरूम घालून जमीन हात-दीड हात उचलून घेतात, कारण मातीच्या भिंतीचा खरा शत्रू खालून चढणारी ओल आणि जमिनीवर आपटून उडणारा पाऊस. मग मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब. ऐन, साग, खैर, जे हाताशी असेल ते. मेढींवर आढं आणि वासे. छपराचा सगळा भार या सांगाड्यावर असतो. भिंतीवर काहीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मेढींच्या मधल्या जागेत वीतभर खोल चर खणून कारव्या एकीला एक खेटून उभ्या करतात. गुडघा, कंबर आणि डोकं अशा उंचीवर आतून-बाहेरून बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या आडव्या लावून वाखाने आवळतात. पूर्वी पळसाच्या मुळांचा वाख असायचा, आता बहुधा नायलॉनची दोरी दिसते. हा झाला कूड. त्यावर लिंपण.

लिंपणाची माती कुठलीही चालत नाही. वारुळाची मिळाली तर उत्तम, ती बारीक आणि चिकट असते. तिच्यात शेण, भाताचा तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा घालून पायाने तुडवतात आणि काही दिवस ओली ठेवून मुरू देतात. मुरलेल्या मातीला वास येतो, पण हाताला ती लोण्यासारखी लागते. पहिला थर तळहाताने दाबून कारव्यांच्या फटींत भरायचा. तो वाळला की तडे जातात, जायलाच हवेत. दुसरा थर पातळ, त्यात शेण जास्त, तो तडे भरतो. शेवटी सारवण. जव्हारजवळ एका घरी मला पहिल्या थराला हात लावू दिला. दुसऱ्या थराला मात्र घरातल्या आजींनी हसून बाजूला केलं. तो हात बसायला काही वर्षं लागतात आणि हा हात बायकांचाच असतो. कारव्या तोडणं, मेढी उभ्या करणं पुरुषांचं. भिंतीचं अंग घडवणं आणि दर वर्षी ते राखणं बायकांचं. वास्तुकलेच्या इतिहासात या बायकांची नावं कुठेच नाहीत, याची मला खंत वाटते.

तयार भिंत जेमतेम चार बोटं जाडीची. इथे शहरातून आलेल्या अभ्यासकांचा हमखास घोटाळा होतो. मातीच्या जाड भिंती उष्णता अडवतात म्हणून घर थंड राहतं, हे वाक्य पाठ झालेलं असतं. ते मराठवाड्यातल्या दोन-दोन हात जाडीच्या भिंतींना आणि माळवदाला लागू आहे. तिथे हवा कोरडी, दिवस तापलेला आणि रात्र गार, म्हणून जाडजूड भिंत दिवसाचं ऊन पोटात धरून ठेवते. सह्याद्रीच्या दमट हवेत तो उपाय कुचकामी ठरतो. इथे गारवा येतो तो सावलीने आणि वाऱ्याने. वळचण इतकी खाली की वाकूनच आत जावं लागतं, त्यामुळे भिंतीवर ऊन पडत नाही. भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये फट, तिच्यातून गरम हवा निघून जाते. काही घरांत कुडाचा वरचा भाग लिंपतच नाहीत. शिवाय कच्ची माती हवेतला दमटपणा ओढून घेते आणि हवा कोरडी झाली की परत देते. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठात गेर्नोट मिंके यांनी प्रयोग करून दाखवलं आहे, की भाजलेल्या विटेच्या कितीतरी पट जास्त दमटपणा कच्ची माती शोषते. एकाच महाराष्ट्रात दोन हवामानांना मातीची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही उत्तरं तिथल्या माणसांनी शोधली आहेत.

छपराविषयी थोडं. पूर्वी गवत, पेंढा, सागाची किंवा पळसाची पानं. नंतर गावच्या कुंभाराची नळीची कौलं. मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्या चपट्या, खाच असलेल्या कौलाने सगळी पश्चिम किनारपट्टी व्यापली. त्याची कारागिरी मला आवडते, पण नळीच्या कौलाबरोबर कुंभाराचा एक धंदा बुडाला हेही खरं. आता पत्रा. पत्र्याची हाव लोकांना हौसेपोटी नाही. गवत दर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं आणि तेवढं गवत राखणारी कुरणंच उरलेली नाहीत.

चुलीचा धूरही या घराचा एक कारागीर आहे. तो वाशांना, गवताला, कारवीला रोज लागतो आणि भुंगा-वाळवी दूर ठेवतो. पण तोच धूर बाईच्या छातीला आणि डोळ्यांना बाधतो. गॅस आला हे चांगलंच झालं, त्यात दुमत नको. मात्र धूर गेल्यावर छपराला कीड लागू लागली, हे अनेक घरांत ऐकलं. त्यावर उपाय आहे: बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बांबू-कारवी भिजवून वाळवली, तर भुंगा लागत नाही. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रात आणि कुडाळच्या बांबू केंद्रात बांबूवर प्रक्रिया करण्याचं हे ज्ञान आहे. ते पाड्यापाड्यावर पोचवणं हे खरं काम. जुनं जसंच्या तसं गोठवून ठेवण्यात मला रस नाही.

चित्र गेलं, भिंत राहिली

वारली चित्र आता विमानतळावर आहे, साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि डहाणूजवळच्या पाड्यावरची चित्रं जगभर पोचली, याचा आपल्याला अभिमान आहे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही कला शहरापुढे आणली. त्यांचंही ऋण मोठं. पण ते चित्र मुळात ज्यावर काढलं जातं त्या भिंतीकडे कुणी पाहिलं का? शेणा-मातीने किंवा गेरूने सारवलेला कुडाचा पृष्ठभाग, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात तो या ताज्या लिंपलेल्या भिंतीवर. लग्न ठरलं की भिंत आधी नीट करायची, मग चित्र. म्हणजे घराची डागडुजी समाजाच्या रीतीतच बांधलेली होती. चित्र आपण उचललं, कागदावर घेतलं, फ्रेम केलं. भिंत मात्र 'तात्पुरती' म्हणून सोडून दिली. चित्राला मान आणि भिंतीला हिणवणं, हा आपल्या कलाप्रेमातला मोठा दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

भूकंपाने काय शिकवलं

मातीच्या घरांविषयी बोलायला लागलं की कुणीतरी किल्लारीचं नाव काढतंच. काढायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. तिथली भिंत मातीत रचलेल्या दगडगोट्यांची, आतला आणि बाहेरचा थर वेगळा, दोन्हींना सांधणारे लांब दगड नाहीत, वर मातीचं जड माळवद. हादरा बसताच थर फाकले आणि भिंती माणसांवर कोसळल्या. लाकडी खांबांवर तोललेली माळवदं काही ठिकाणी उभी राहिली, भिंती पडल्या तरी. म्हणजे दोष मातीला देऊन चालणार नाही. जड दगड विनासांधा रचण्याची रीत जिवावर उठली.

कुडाच्या भिंतीत नेमकी उलट रचना आहे. भार सांगाड्यावर, भिंत हलकी, कारवी लवचीक. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला, तेव्हा तिथले 'भुंगे', म्हणजे गोल आकाराची, हलक्या छपराची पारंपरिक मातीची घरं, मोठ्या संख्येने टिकून राहिले. तज्ज्ञांनी त्याची नोंद घेतली आणि पुनर्वसनात मातीचे नवे भुंगे बांधले गेले. मातीची घरं भूकंपात टिकावीत यासाठी भारतीय मानकाची मार्गदर्शिका १९९३ सालीच निघालेली आहे. ती वाचलेले अभियंते मात्र मला फार कमी भेटले.

किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. चौकोनी आखलेले रस्ते, एकसारखी घरं. काही वर्षांनी मी त्या भागात हिंडले, तेव्हा लोकांनी घराभोवती स्वतःच ओटे, गोठे, पडव्या वाढवलेल्या दिसल्या. घर दिलं गेलं, पण बैल कुठे बांधायचा, धान्य कुठे ठेवायचं, उन्हाळ्यात कुठे झोपायचं हे ठरवताना त्यांना पुरेसं विचारलं गेलं नव्हतं, हे त्या पडव्यांवरून कळत होतं.

डोंगर कुणाचा?

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. कुडाचं घर मोडतंय ते लोकांना आधुनिक व्हायचंय म्हणून, असं सरसकट म्हटलं जातं. माझा अनुभव तसा नाही. जव्हारच्या त्याच आजींच्या अंगणात सरकारी घरकुल उभं आहे. त्यात भाताची पोती आहेत. मागे कुडाची पडवी, तिथे चूल आणि तिथेच निजणं. "पावसात घरकुल बरं, बाकी इथंच," असं त्या म्हणाल्या. त्यांना दोन्ही हवंय आणि ते योग्यच आहे. मग कूड का कमी होतोय? कारण कारवी आणायला जावं तर वनरक्षक अडवेल अशी भीती, अभयारण्यात तर बंदीच. चांगली मेढ विकत घ्यायची तर परवडत नाही. आणि पूर्वी अख्खा पाडा मिळून चार दिवसांत घर शाकारायचा, तो पाडा आता दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर रेतीच्या कामावर गेलेला असतो. नेमका कूड घालायचा तोच मोसम. कारवी आहे, ज्ञान आहे, पण हात गावात नाहीत.

म्हणून मला वाटतं, या घराचं रहस्य मातीत शोधणं अपुरं आहे. उतारावर गावाचा हक्क, तोडणीचा मोसम आणि एकमेकांच्या घराला लागणारे हात, या तिन्हींवर ते घर उभं असतं. यांतलं एक जरी काढलं तर उरते ती पर्यटकांच्या रिसॉर्टमधली कुडाची नक्कल. आणि जवळचं साहित्य म्हणजे आपोआप निसर्गस्नेही, असंही नाही. कोकणातला जांभा अगदी स्थानिक. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक होणारा सुंदर दगड. पण यंत्रं आल्यापासून चिरेखाणींनी कितीतरी सडे पोखरले आहेत. मागणी मुंबईची आणि खड्डे रत्नागिरीत. किती काढायचं हे ठरवणारा तिथला माणूस नसेल, तर स्थानिक दगडही ओरबाडलाच जातो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, झुडपी लाकूडही आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. तोडणीचे नियमही ग्रामसभेनेच ठरवले. जे मेंढ्यात बांबूचं झालं, ते अकोल्यात आणि मोखाड्यात कारवीचं होऊ शकतं. फुलोऱ्यानंतर वाळलेली कारवी कुठल्या उतारावरून किती उचलायची आणि कुठला उतार राखायचा, हे त्या गावाइतकं कुणालाच नीट ठरवता येणार नाही.

पैशाचंही बोलू. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले, किमान जागा २५ चौरस मीटर. याच योजनेच्या काळात ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' हा ग्रंथ काढून देशातल्या स्थानिक घरांचे नमुने दिले. म्हणजे वाट खुली आहे. पण गावपातळीवर मंजुरी मिळते ती सिमेंट आणि स्लॅबलाच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. ते पूर्ण टाळा असं मी म्हणत नाही. जोतं पक्कं करा, मेढींच्या बुडाला काँक्रीट द्या, मोरी आणि संडास सिमेंटचे बांधा. पण वरची भिंत कारवीची, लिंपणाची राहू द्या आणि तिच्या मजुरीचे पैसे त्या लिंपणाऱ्या बाईच्या हातात पडू द्या.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी कर्जत, इगतपुरी, भंडारदऱ्याकडे जमीन घेतली आहे किंवा घेणार आहेत. त्यांना एवढीच विनंती: कुडाचं घर हवं असेल तर मुंबईच्या ठेकेदाराला फोटो दाखवू नका. शेजारच्या पाड्यावर जा, ज्यांच्या हातात ही विद्या आहे त्यांना बोलवा, शहरातल्या गवंड्याला देता तेवढी मजुरी द्या आणि दर वर्षीच्या लिंपणाचं काम त्यांच्याकडेच ठेवा. कारवी ग्रामसभेला विचारून घ्या. त्या गावाने वनहक्काचा दावा केला असेल, तर कागदपत्रं भरायला, नकाशे काढायला, कचेरीत सोबत जायला हात द्या. तो दावा मंजूर होण्यावरच त्या उतारांवर पुढेही कुडाची घरं उभी राहणार की नाही हे ठरणार आहे.